हुकझील ते टेलो : थ्यूनेनच्या वाटेवर

भूगोल किंवा शेतीचं अर्थशास्त्र शिकलेल्यांना व्हॉन थ्यूनेन हे नाव परीक्षेपुरतं का होईना, माहीत असतं. शहरापासूनच्या अंतरानुसार कुठे काय पिकेल हे सांगणारा त्याचा सिद्धांत : मध्ये शहर आणि भोवती वर्तुळं. जवळ भाजी आणि दूध, मग जंगल, मग धान्य, सगळ्यात लांब गुरं. योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन हा माणूस म्हणजे एवढंच, असा समज करून पिढ्यान्‌पिढ्या पास झाल्या. प्रत्यक्षात तो आयुष्यभर शेती करणारा जमीनदार होता. उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गच्या शेतकरी संघटनेत तो वावरला, तिच्या मुखपत्रात लिहीत राहिला. 1848 च्या क्रांतीच्या धामधुमीत फ्रांकफुर्टच्या राष्ट्रीय सभेसाठी त्याचं नाव पुढे आलं, पण प्रकृतीने साथ दिली नाही. आणि मजुराला न्याय्य मजुरी किती, हा प्रश्न त्याने शेवटच्या श्वासापर्यंत सोडला नाही. मी हा सिद्धांत वर्गात शिकवत आले आहे. भाचा हॅम्बुर्गला नोकरी करतो. मे महिन्यात त्याच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा थ्यूनेन जिथे जन्मला तिथपासून जिथे पुरला तिथपर्यंत जायचंच, असं मी मनाशी पक्कं केलं.

पहिला दिवस : हुकझील

हॅम्बुर्गहून ब्रेमेन, ओल्डेनबुर्ग करत विल्हेल्म्सहाफेन आणि तिथून बसने हुकझील. ओल्डेनबुर्गच्या पुढे जमीन इतकी सपाट होते की दोन गावांपलीकडचं चर्चही दिसतं. उत्तर समुद्राच्या काठची ही खाजणाची जमीन. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली, चिकण मातीची, हिरवीगार. बांधावर मेंढ्या चरत होत्या. त्या तिथे मुद्दाम ठेवतात. गवत आखूड राहतं आणि खुरांनी माती दाबली जाते, म्हणून बांध घट्ट राहतो. आमच्या कोकणातल्या खारलँडच्या बांधांची फार आठवण झाली.

थ्यूनेनचा जन्म इथल्याच कनारिएनहाउझेन नावाच्या वाडीवर झाला, 24 जून 1783 ला. लहानपणीच वडील गेले, आईने दुसरं लग्न केलं आणि मुलाला घेऊन ती हुकझीलच्या बंदरावर आली. सावत्र वडील लाकडाचे व्यापारी. म्हणजे शेत आणि बंदर, माल पिकवणं आणि माल हलवणं, दोन्ही या पोराच्या डोळ्यांसमोर होतं. पुढे त्याने जो सिद्धांत मांडला त्याचा सगळा भार वाहतुकीच्या खर्चावर आहे. त्या जुन्या धक्क्यावर उभं राहिल्यावर मला यात काही नवल वाटेना.

या भागाची आणखी एक गंमत भाच्याने शोधून काढली. हा येव्हरचा मुलूख तेव्हा आनहाल्ट-झेर्ब्स्टच्या राजघराण्याचा. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन त्याच घराण्यातली लेक. 1793 साली घराण्यातला शेवटचा पुरुष वारला आणि येव्हर तिच्याकडे गेलं. थ्यूनेन दहाव्या वर्षात असताना त्याच्या गावावर सेंट पीटर्सबर्गहून राज्य सुरू झालं!

दुपारी वारा असा सुटला की छत्री उघडण्यात अर्थ नव्हता. बंदरावरच्या एका चहाच्या दुकानात शिरलो. या किनाऱ्यावर चहाला मोठा मान आहे. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर कडक चहा ओतायचा, खडा तडतडतो तो ऐकायचा. मग कडेने साय सोडायची आणि ढवळायचं अजिबात नाही. आधी साय, मग कडू, शेवटी गोड. मी चमचा उचलला तशी मालकीणबाई लगबगीने आल्या आणि मान हलवून त्यांनी तो पुन्हा बशीत ठेवला. तीन कप तरी प्यायचेच, हाही तिथला रिवाज. नको असेल तर चमचा रिकाम्या कपात ठेवायचा. आम्ही तीन प्यायलो.

इथे जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला समुद्र क्षितिजापलीकडे जातो आणि मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. दिसायला सोपा वाटला तरी वाटाड्याशिवाय त्यात उतरू नका, भरती फार वेगाने येते. कनारिएनहाउझेनच्या बाजूला जायचं तर सायकल उत्तम. तिथे लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघावं.

दुसरा दिवस : फ्लॉटबेक

हॅम्बुर्गच्या पश्चिमेला एल्बे नदीकाठी येनिशपार्क आहे. लोकल रेल्वेच्या क्लाइन फ्लॉटबेक स्थानकावरून चालत जाता येतं, आणि बागेला तिकीट नाही. आज तिथे लोक कुत्री फिरवतात, मुलं पतंग उडवतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस कास्पार फोग्ट नावाच्या हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने इथे जमिनी घेऊन इंग्लंडच्या धर्तीवर नमुन्याची शेती उभी केली होती. जवळच ग्रोस फ्लॉटबेकला लुकास आंद्रेआस श्टाउडिंगरची शेतीशाळा होती. 1802 साली थ्यूनेन तिथे शिकायला आला.

शहराच्या वेशीवरचं हे गाव. गाड्या भरून शेतमाल हॅम्बुर्गात जायचा आणि परतीच्या गाडीत शहरातलं खत यायचं. शहराजवळच्या शेतकऱ्याला खत विकत मिळतं, म्हणून त्याला जमीन पड टाकावी लागत नाही. लांबच्याला ते परवडत नाही. थ्यूनेनच्या पहिल्या वर्तुळाचं हे रहस्य आहे. आपण वर्गात नाशवंत मालाबद्दल सांगतो आणि खत विसरतो. 1803 साली या गावच्या शेतीचं वर्णन लिहिताना एकाकी राज्याची कल्पना या विशीतल्या मुलाच्या मनात आली. एक शहर, भोवती सगळीकडे सारखीच सुपीक सपाट जमीन, ना नदी ना कालवा, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. मग कुठे काय पिकेल?

मी एका जुन्या ओकखाली बसून भाच्याला हे समजावत होते. खालून कंटेनरांनी लादलेलं एक अजस्र जहाज बंदराकडे चाललं होतं. तो म्हणाला, "मावशी, आता तर केळी इक्वाडोरहून येतात. मग वर्तुळं उरलीच कुठे?" प्रश्न रास्त आहे. पण थ्यूनेनने नकाशा काढलेलाच नव्हता, त्याने विचार करायची पद्धत दिली. बाकी सगळं स्थिर धरायचं आणि एकच गोष्ट बदलून बघायची. वाहतूक स्वस्त झाली की वर्तुळं रुंदावतात, हे त्याच गणितातून निघतं. आणि आपल्याकडे ऊस कारखान्यापासून लांब का लावत नाहीत? तोडल्यावर तासागणिक त्याचं वजन आणि साखर घटते म्हणूनच ना?

फ्लॉटबेकनंतर थ्यूनेन त्सेलला आल्ब्रेश्ट थेअर या नावाजलेल्या शेतीतज्ज्ञाची व्याख्यानं ऐकायला गेला आणि मग ग्योटिंगेनच्या विद्यापीठात. ती दोन्ही गावं आम्ही वेळेअभावी सोडली.

तिसरा दिवस : टेटरो

हॅम्बुर्गहून रोस्टॉकची गाडी, ब्युट्सोवला बदलून टेटरो. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली आणि ब्युट्सोवच्या फलाटावर बराच वेळ थंडी खात बसलो. मे महिना उजाडला म्हणून गरम कपडे घरी ठेवू नका. 11 ते 15 मे हे दिवस तिथे हिमसंतांचे मानले जातात, तोवर पहाटे दहिवर गोठू शकतं आणि जाणते लोक टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. आम्ही नेमके त्याच दिवसांत पोचलो होतो.

टेटरो टुमदार आहे. विटांच्या दोन मध्ययुगीन वेशी, मध्ये चौक आणि चौकात एका माशाचं कारंजं. कथा अशी : इथल्या कोळ्यांना तळ्यात भलामोठा पाइक मासा मिळाला. मेजवानीला अवकाश होता, म्हणून त्यांनी त्याच्या गळ्यात घंटा बांधून त्याला पुन्हा पाण्यात सोडलं. जागा लक्षात राहावी म्हणून नावेच्या कडेला खूण कोरली. 1914 साली गावाने या कथेचं कारंजं उभारलं. आणि याच गावाने 1848 साली थ्यूनेनला मानद नागरिक केलं.

जेवायला शतावरी. मे-जूनमध्ये अख्खा जर्मनी पांढऱ्या शतावरीच्या मागे असतो. उकडलेली शतावरी, नवे बटाटे, वरून वितळलेलं लोणी. शाकाहारी माणसासाठी या मोसमासारखा मोसम नाही. हंगाम 24 जूनला, संत योहानच्या दिवशी संपतो. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी हे सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, तो तर थ्यूनेनचा वाढदिवस! त्या हसल्या आणि म्हणाल्या, म्हणूनच त्याचं नाव योहान असणार. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्रवासाचं थोडं : महिन्याचा जर्मनी पास सगळ्या प्रादेशिक गाड्यांना, बसना चालतो, वेगवान गाड्यांना नाही. त्याची मुदत दरमहा आपोआप वाढते, नको असेल तर वेळेत रद्द करायला विसरू नका. खेड्यांकडच्या बस शनिवार-रविवारी जवळजवळ नसतात. काही भागांत आदल्या दिवशी फोन केला की येणारी बस मिळते. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच पाव आणि फळं घेऊन ठेवा. थोडे रोख युरो जवळ हवेतच.

चौथा दिवस : टेलो

सकाळी भाड्याच्या सायकली घेऊन निघालो. टेटरो ते टेलो दहा-पंधरा किलोमीटर, पण चढउताराचे. हा सगळा प्रदेश हिमनदीने टाकलेल्या गाळाचा. भूगोलाच्या माणसाने इथे सायकल चालवू नये, दर पाच मिनिटांनी थांबावंसं वाटतं. शेतांच्या मधोमध गोल डबकी, भोवती वेळूसारखं गवत आणि दोन-चार झाडं. हिमयुग संपताना गाडलेले बर्फाचे ढेकूळ वितळले, त्यांच्या जागी ही डबकी राहिली. नांगर त्यांना वळसा घालून जातो. बांधांवर स्कँडिनेव्हियातून बर्फाबरोबर आलेले गुळगुळीत धोंडे. आणि दोन्ही बाजूंना फुललेलं रेपसीड, मोहरीसारखं तेलबियांचं पीक, पिवळंधमक. मधाचा वास इतका दाट की थोड्या वेळाने डोकं जड होतं.

शेतं अवाढव्य आहेत. 1945 नंतर इथल्या मोठ्या जमीनदाऱ्या काढून घेतल्या गेल्या, मग समाजवादी राजवटीत सामुदायिक शेती आली आणि 1990 नंतर मोठ्या कंपन्या व संस्था. राजवटी बदलल्या तरी शेताचा आकार लहान झाला नाही. दीड तासात वाटेत एकच ट्रॅक्टर दिसला.

टेलो म्हणजे एक वाडा, कोठारं, गोठे, बाग आणि थोडी घरं. थ्यूनेनने 1809 साली हे विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी बायको हेलेनसह राहायला आला. त्याआधी आंक्लामजवळ रुबको इथे त्याने खंडाने शेती करून पाहिली होती, पण नेपोलियनच्या लढायांचा तो काळ, ते जमलं नाही. टेलोची जमीन सुमारे 465 हेक्टर, म्हणजे साडेअकराशे एकरांच्या घरात. 1850 साली मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षं तो इथेच राहिला. विद्यापीठात नोकरी केली नाही, राजधानीत बिऱ्हाड केलं नाही. 1826 साली 'एकाकी राज्य' ग्रंथाचा पहिला भाग निघाला तो इथल्या टेबलावर लिहिलेला. 1830 साली रोस्टॉक विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली.

इथलं संग्रहालय 1972 चं, म्हणजे पूर्व जर्मनीच्या काळातलं. कोठारांत नांगर, मळणीयंत्रं, जुने ट्रॅक्टर. भाचा तिकडे रमला. मला मात्र हिशोबाच्या पानांपुढून हलवेना. टेलोला आल्यावर पहिली पाच वर्षं, 1810 ते 1815, थ्यूनेनने शेतातल्या प्रत्येक कामाचा हिशोब ठेवला. कोणत्या तुकड्यात किती बी, किती उत्पन्न, किती माणसं, किती घोडे, किती दिवस. वाड्यापासून शेत जितकं लांब तितका जाण्यायेण्यात वेळ किती जातो, हेसुद्धा. बारीक, तिरपी, खाडाखोड नसलेली अक्षरं. या पाच वर्षांच्या आकड्यांवर तो ग्रंथ उभा आहे. धान्य रोस्टॉकच्या बाजारात न्यायचं तर चार घोड्यांची गाडी. वाटेत घोडे खाणार, गाडीवान खाणार. एका अंतरानंतर गाडीतलं सगळं धान्य वाटेतच संपेल, पुढे धान्य पिकवून उपयोग नाही. पण मेरिनो मेंढीची लोकर हलकी आणि महाग, ती कितीही लांबून येऊ शकते. जंगल दुसऱ्या वर्तुळात का? कारण तेव्हाचं शहर सरपणावर जगायचं, आणि लाकूड जड.

ते आकडे बघताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. आपल्या शेतकऱ्याकडे उत्पादन खर्चाचा असा हिशोब असता तर? तो का नसतो, त्याच्या हातात काय असतं, हेही मला माहीत आहे. थ्यूनेनला साडेअकराशे एकर होते. पण शेजारच्या जमीनदारांकडेही तेवढेच होते, काहींकडे जास्त. इंग्लंडने 1815 च्या कायद्याने परदेशी धान्याला दार लावलं, 1820 नंतर भाव कोसळले आणि मेक्लेनबुर्गमधल्या कितीतरी जमीनदाऱ्या बुडाल्या. थ्यूनेन टिकला. संघटनेच्या मुखपत्रात तो आपले अनुभव, मेंढ्यांचे आकडे, मातीचा कस यांवर लिहीत राहिला. ही संघटना 1798 ची, 1817 पासून तिला 'देशभक्त संघ' म्हणत. जमीनदारांचीच होती, पण शेतीचं ज्ञान छापून वाटण्याचं मोठं काम तिने केलं.

दुपारी तिकिटाच्या खिडकीवरच्या बाई आमच्याबरोबर बागेत आल्या. वय सत्तरीपुढचं. तरुणपणी त्या जवळच्याच सामुदायिक शेतीच्या गोठ्यात दूध काढायला होत्या, पहाटे चारला उठून. 1990 ला गोठा बंद पडला. मुलगे हॅम्बुर्ग आणि रोस्टॉकला गेले, गावात म्हातारी माणसं राहिली. त्यांनी डब्यातून आणलेला रेवाचिनीच्या देठांचा केक आम्हाला दिला, आंबट-गोड, वर साखरेचा चुरा. मी त्यांना विचारलं, थ्यूनेनची कोणती गोष्ट तुम्हाला मोठी वाटते? वर्तुळं म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "त्याने माणसांना पुस्तकं दिली." म्हणजे बचतीची पासबुकं.

गोष्ट अशी. मेक्लेनबुर्गमध्ये भूदासपद्धत, म्हणजे राबणाऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी पद्धत, 1820 मध्ये रद्द झाली. पण मोकळ्या झालेल्या माणसाला राहायचा हक्क मिळाला नाही. जमीनदाराने घर काढून घेतलं तर दुसऱ्या गावात ठाव नाही, जमीनदाराच्या परवानगीशिवाय लग्न करून बिऱ्हाड थाटता येत नाही. पुढे हजारोंनी अमेरिकेची वाट धरली ती उगाच नाही. 1826 सालीच थ्यूनेनने मजुरांच्या दशेवर एक टिपण लिहिलं होतं, ते त्याने पुष्कळ वर्षं जवळ ठेवलं. उत्पादन वाढतं, जमिनीची किंमत वाढते, मग राबणारा पोटापुरत्या मजुरीवरच का राहतो? 1848 साली मेक्लेनबुर्गच्या शेतमजुरांत असंतोष उसळला. त्याच सुमारास टेलोच्या गावकऱ्यांना नफ्यात वाटा देण्याची योजना त्याने लागू केली. उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर गेलं की वरच्या रकमेचा हिस्सा प्रत्येक कुटुंबाच्या खात्यावर जमा. व्याज दरवर्षी हातात, मुद्दल साठाव्या वर्षी. म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. जर्मन चान्सलर बिस्मार्कचं पेन्शन यायला आणखी चाळीस वर्षं होती.

ही दया नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या लेखी तो मजुराचा हिशोबाने निघणारा हक्क होता.

संग्रहालयात जायचं तर वेळा आधी फोन करून विचारा, हंगामाबाहेर त्या बदलतात. माहिती बहुतेक जर्मनमध्ये आहे. भाषा येणारं कुणी बरोबर असेल तर फार फरक पडतो. आवारात फिरायला निदान तीन तास हवेत, आणि पाणी बरोबर घ्या.

पाचवा दिवस : बेलिट्झ आणि परतीची वाट

टेलोजवळच बेलिट्झ. जुनं चर्च, भोवती लिंडनची उंच झाडं आणि कबरी. थ्यूनेन 22 सप्टेंबर 1850 ला गेला, त्याची कबर इथे आहे. दगडावर नाव, तारखा आणि एक सूत्र : √अप. लॅटिन अक्षरांत 'ए' आणि 'पी'. 'अ' म्हणजे मजुराच्या कुटुंबाला जगायला लागेल तेवढं, 'प' म्हणजे त्याच्या कष्टातून निघणारं उत्पादन. दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ही त्याच्या मते नैसर्गिक मजुरी. जगण्याला 4 लागतात आणि उत्पादन 9 आहे, तर मजुरी 6. उत्पादन वाढलं की मजुरी वाढलीच पाहिजे, हे त्यात आपोआप येतं. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांना हे सूत्र पटलं नाही, त्यातल्या गृहीतकांवर त्यांनी बोट ठेवलं. त्यांनी उचललं ते त्याचंच दुसरं गणित, शेवटच्या मजुराने भर घातलेल्या उत्पादनावरून मजुरी ठरते हे. ते आजही शिकवलं जातं. पण थ्यूनेनचा जीव होता तो या वर्गमुळात.

मी टेलोच्या बांधावरची पिवळी फुलं नेली होती, ती ठेवली. पाऊस आला म्हणून चर्चच्या दारात थांबलो, अर्ध्या तासाने सायकली काढल्या.

ज्यांना मूळ कागद बघायचे असतील त्यांनी रोस्टॉक विद्यापीठाकडे आधी लिहून परवानगी घ्यावी, थ्यूनेनचा दफ्तरसंग्रह तिथे आहे. ब्राउनश्वाइगची ग्रामीण भाग, जंगल आणि मासेमारीवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही 2008 पासून त्याच्या नावाने चालते.

परतीच्या गाडीत भाच्याने वहीत सूत्र लिहिलं आणि म्हणाला, "मावशी, आपल्या ऊसतोडीला लावून बघू." एक कोयता, म्हणजे नवरा-बायको. 'अ' काढणं सोपं वाटलं : धान्य, तेल, मुलांची शाळा, औषधपाणी. मग लक्षात आलं की पाचटाच्या खोपीत मुलांची शाळा कुठली, आणि मुकादमाची उचल फेडायची ती 'अ' मध्ये धरायची की नाही? 'प' वर तर श्वेरिन येईपर्यंत वाद चालला. मोळी काट्यावर पडते तिथे त्यांचं उत्पादन संपतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, साखरेचं पोतं, मळी, इथेनॉल, सगळं त्या तोडीवर उभं आहे, ते का धरायचं नाही? वही भरली. आकडा निघाला नाही. ती वही मी बरोबर आणली आहे, कारखान्याचा गाळप अहवाल मिळाला की पुढचं मांडायचं ठरलं आहे.